आमच्या दारातले तीन पितळी दगड

बर्लिनच्या फुटपाथांवर जागोजागी तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेले दिसतात. त्यांवर असतात नाझींनी त्या घरातून ज्या माणसांना, बहुतेक ज्यूंना, उचलून नेलं त्यांची नावं. गुंटर डेम्निग या कलाकाराने 1992 मध्ये कोलोनला असा पहिला श्टोल्परश्टाइन, म्हणजे ठेच लागणारा दगड, बसवला. आता युरोपभर लाखाच्या वर आहेत. आमच्या दारात मात्र एकही नव्हता. तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या, "इथेही राहत असणारच कोणीतरी. शोधू या."

अर्ज कोणीही करू शकतं. दगडाचे तेव्हा 120 युरो. पण प्रत्येक ओळीला पुरावा लागतो, आणि दगड बसतो तो माणूस स्वखुशीने राहत होता अशा शेवटच्या घरासमोर. इथेच आमचं घोडं अडलं. आम्हाला सापडलेल्या शिंपी नवरा-बायकोचा, नेलेल्या लोकांच्या यादीतला पत्ता भलत्याच गल्लीतला होता. ज्यूंना घरं सोडायला लावून एकेका खोलीत कोंबलं होतं, त्यातला तो. मग ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेल्या जुन्या पत्ता-पुस्तिका वर्षागणिक चाळल्या. 1938 पर्यंत तो शिंपी आमच्याच इमारतीत होता.

पॉट्सडॅमच्या अभिलेखागारात त्यांची फाइल निघाली. नेण्याआधी लोकांकडून मालमत्तेचं विवरण भरून घेत, तब्बल सोळा पानांचं. पलंग, उशा, टॉवेल, सगळं मोजून लिहायचं. या गृहस्थांनी "शिवणयंत्र 1, जुने" असं लिहिलं होतं. अक्षर स्वच्छ, एका रेषेत. सहीत नावापुढे ज्यू पुरुषांना सक्तीचं केलेलं "इस्रायल". पुढच्या कागदावर घरमालकाची थकलेल्या भाड्याची मागणी, माणसं गेल्यानंतरच्या तारखेची! सरकारने ती रीतसर नोंदवूनही घेतली होती. मारलेल्यांच्या हिशेबात इतका काटेकोरपणा पाहून मला खरं सांगायचं तर मळमळलं.

दोघं 27 नोव्हेंबर 1941 च्या, लॅटव्हियातल्या रीगाला जाणाऱ्या गाडीत होते. त्या गाडीतल्या लोकांना 30 तारखेला सकाळीच रुंबुलाच्या जंगलात गोळ्या घातल्या. त्यामुळे मृत्यूची तारीख तरी शोधावी लागली नाही.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, मेलेल्यांच्या नावावर पाय पडणार की लोकांचे!" हाच आक्षेप म्युनिकमध्येही घेतला गेला, तिथे सार्वजनिक रस्त्यावर हे दगड बसवू देत नाहीत, भिंतीवर पाट्या लावतात. मी तिला पंढरपूरच्या नामदेवाच्या पायरीची आठवण करून दिली. "ती त्याने स्वतः मागून घेतली होती," असं म्हणून तिने विषय मिटवला. तिचं चूक नाही. तरीही मला दगडच बरा वाटतो, कारण भिंतीवरच्या पाटीकडे मान वर करून कोण बघतं?

नातेवाइकांना शोधून त्यांची संमती घ्यावी, अशी अपेक्षा असते. इंग्लंडमध्ये त्या शिंप्याचा नातू सापडला. त्याने उत्तरात एकच अट घातली: त्याच्या आईचाही, म्हणजे त्या दोघांच्या मुलीचाही, दगड हवा. ती 1939 मध्ये ज्यू मुलांना वाचवण्यासाठी सोडलेल्या गाडीने, आईबापांविना इंग्लंडला पोचली आणि वाचली. वाचलेल्यांचेही दगड बसवतात, कुटुंब एकत्र यावं म्हणून. मग तिसरा अर्ज, पुन्हा जन्मदाखला, पुन्हा रांगेत. पहिले दोन दगड तयार होत आले होते, तरी आम्ही थांबलो. तिघांचे एकाच सकाळी बसले. आईबापांच्या मध्ये मुलगी.