उजव्या कर्ण्याचा घसा बसला होता

"डावीकडून बोलताहेत ते 'हे'. उजवीकडे कोणाला आणून बसवलंयस? घसा बसलाय त्यांचा."

चार महिने खपून केलेल्या स्पीकरच्या लाकडी कर्ण्यांचा हा आईने लावलेला पहिला निकाल. मुद्दामच गाणं लावलं नव्हतं. गाणं कसं वाजायला हवं यावर दहा जणांची दहा मतं असतात, पण घरातल्या माणसाचा आवाज रोज कानावर पडलेला असतो, तिथे फसवणूक चालत नाही. म्हणून बाबांना वर्तमानपत्र वाचायला बसवून पाच मिनिटं रेकॉर्ड करून ठेवली होती. तेच आळीपाळीने एकेका कर्ण्यातून लावलं. आई पाठमोरी बसली होती आणि तिने मानही वळवली नाही.

मला स्वतःला फरक कळला नव्हता, हे आत्ताच कबूल करतो. बनवणाऱ्याचे कान बनवताना झालेल्या कष्टांनी भरलेले असतात.

कर्णा कशासाठी, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पीकरचा पडदा हवेला ढकलतो तेव्हा बरीचशी हवा नुसती बाजूला सरकते, मेहनत वाया जाते. कर्णा त्या हवेला पळू देत नाही. अरुंद घशातला जास्त दाब तो हळूहळू रुंद तोंडाशी नेऊन मोकळ्या हवेच्या हवाली करतो. या प्रवासाचं समीकरण वेब्स्टर या भौतिकशास्त्रज्ञाने १९१९मध्ये छापलं, आणि ते आजही वापरात आहे. बोलपट आले तेव्हाचे अॅम्प्लिफायर जेमतेम काही वॅटचे असत आणि तेवढ्यावर अख्खं सिनेमागृह भरायचं असे, ते कर्ण्यांच्याच जिवावर. माझ्याकडचा १ इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हर (कर्ण्याच्या घशाशी बसणारा छोटा स्पीकर) कर्ण्यावर बसवला की १ वॅटला १ मीटरवर १०७ डेसिबल देतो. सोबतचा, खालचे स्वर वाजवणारा वूफर ९२. म्हणजे १५ डेसिबलचा फरक, वॅटमध्ये सांगायचं तर सुमारे ३० पट.

आकार निवडला ट्रॅक्ट्रिक्स. नाव दातखीळ बसवणारं असलं तरी गोष्ट सोपी आहे. १७व्या शतकात क्लोद पेरो या गृहस्थाने खिशातलं घड्याळ टेबलावर ठेवलं, साखळीचं टोक टेबलाच्या कडेने ओढत नेलं आणि विचारलं, की घड्याळ ज्या वाटेने गेलं ती रेघ कोणती? तीच ही. कर्ण्यासाठी ती वापरायची कल्पना पॉल फॉइट या अभियंत्याची, १९२०च्या दशकातली.

मी ४०० हर्ट्झचा, म्हणजे तेवढ्या खालच्या स्वरापर्यंत काम करणारा, कर्णा ठरवला. तोंडाचा घेर त्या स्वराच्या तरंगलांबीएवढा हवा, म्हणजे जवळपास ८६ सेंटिमीटर. व्यास २७.३, त्रिज्या १३.६५. आकडेमोड लॅपटॉपवर झालीच होती, पण पेरोसाहेबांचा प्रयोग करून पाहिल्याशिवाय राहवेना. १३.६५ सेंटिमीटर दोरा, टोकाला एक नट, नटाच्या भोकात पेन्सिलीचं टोक. दोऱ्याचं दुसरं टोक टेबलाच्या कडेने सरकवत नेलं. नट आधी हट्टाने जागच्या जागी वळतो आणि मग निमूट मागे मागे येत कडेला चिकटत जातो. २८ सेंटिमीटरवर तो कडेपासून जेमतेम सव्वा सेंटिमीटरवर होता. हाच कर्ण्याचा घसा. गणिताच्या रेघेशी २ मिलिमीटरचा फरक पडला, तोही घशाकडेच. तेव्हा हसून सोडून दिलं. घशाकडे दुर्लक्ष करायला मी तिथूनच सुरुवात केली होती, हे नंतर कळलं.

लाकूडकाम म्हणजे १८ मिलिमीटर प्लायवूडच्या चकत्या, एका कर्ण्याला १६, जोडीला ३२. प्रत्येकीत जिगसॉने वेगळ्या मापाचं भोक पाडायचं, एकावर एक चिकटवायच्या, क्लॅम्प आवळायचे. आत पायऱ्या पायऱ्यांची विहीर तयार होते. मग त्या पायऱ्या कानशीने आणि पॉलिश पेपरने घालवायच्या. किती घासायचं याची खूण अशी: प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात, खाचेत, आधी पेन्सिल गडद फिरवून ठेवायची. घासता घासता काळी रेघ पुसट व्हायला लागली की हात थांबवायचा. रेघ पूर्ण गेली तर समजा लाकूड जास्त खाल्लं. तोंडाशी तर कहरच. तिथे वक्र इतका उघडतो की शेवटच्या एका चकतीतच त्रिज्या साडेतीन सेंटिमीटरने वाढते. त्या एका चकतीने बाकीच्या पंधरांइतका भुसा पाडला असेल. पुठ्ठ्याचा साचा लावत, पुट्टी भरत, पुन्हा घासत दोन आठवडे गेले. तोंड इतकं गुळगुळीत झालं की येणारा-जाणारा हात फिरवून जायचा.

मोजमापाच्या पहिल्याच दिवशी एक डायफ्रॅम, म्हणजे ड्रायव्हरचा पडदा, उडवला. २० हर्ट्झपासून वर जाणारा स्वीप (सलग चढत जाणारा स्वर) लावला आणि मध्ये खालचे स्वर अडवणारा कपॅसिटर घालायला विसरलो. कर्णा त्याच्या मर्यादेच्या खाली पडद्याला टेकू देतच नाही. तिथे पडदा दोर तुटलेल्या झोपाळ्यासारखा हवा तेवढा हलतो. टक्क असा आवाज आला आणि संपलं. नवा डायफ्रॅम बसवला, आणि आता २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तारेलाच कायमचा जोडून टाकलाय. ८ ओमला तो १००० हर्ट्झच्या आसपास काम सुरू करतो, तेवढं संरक्षण पुरतं.

दुसऱ्या दिवशीचे आलेखही फेकावे लागले. कर्णा ६० सेंटिमीटर उंचीच्या स्टुलावर होता, माइक समोर १ मीटरवर, तेवढ्याच उंचीला. जमिनीवर आपटून येणारा आवाज सरळ आवाजाच्या मागोमाग १.६ मिलिसेकंदांत पोचतो. तो कापून टाकला तर सुमारे ६०० हर्ट्झच्या खालचं काहीच भरवशाचं उरत नाही, आणि मला तर ४०० पाहायचं होतं. मग टेबलावर स्टूल चढवलं. १२० सेंटिमीटरवर तोच अवधी साडेचार मिलिसेकंदांच्या वर जातो आणि २२० हर्ट्झपर्यंत वाचता येतं. हे मोजण्याआधी सुचायला हवं होतं.

आणि मग आईचा निकाल. रूम ईक्यू विझार्ड या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही कर्ण्यांचे आलेख एकावर एक ठेवले. ५ किलोहर्ट्झपर्यंत दोन्ही रेघा जुळ्या. त्यापुढे डावी सरळ उतरत जाते आणि उजवीला ६ ते १० किलोहर्ट्झच्या मध्ये करवतीसारखे दाते. 'स', 'श', 'च' यांची धार तिथेच असते. बाबांच्या 'शासनाने' या शब्दाला आई काय ऐकत होती ते आता डोळ्यांना दिसलं.

पहिला संशय नव्या डायफ्रॅमवर. ड्रायव्हरांची अदलाबदल केली, तर दाते उजव्या कर्ण्यातच राहिले. म्हणजे दोष लाकडाचा. मग मी तीन संध्याकाळी त्या बिचाऱ्या गुळगुळीत तोंडावर पुन्हा पॉलिश पेपर फिरवला. आलेख केसभरही हलला नाही.

ड्रायव्हर काढून घसा पाहिला, स्वच्छ. पुन्हा बसवला, दाते हजर. असं दोनदा झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला आणि ड्रायव्हर न काढता तोंडातून टॉर्च मारला. घशाच्या तळाशी एका बाजूला काळी चंद्रकोर. ड्रायव्हर आणि लाकूड यांच्या मध्ये मी हाताने कापलेली रबराची चकती चिकटवली होती. तिचं भोक बरोबर २५ मिलिमीटर होतं, पण बोल्ट आवळले की रबर दबून आत सरकत होतं, आणि एक बोल्ट जास्त आवळलेला असल्यामुळे एकाच बाजूला सरकत होतं. सैल केलं की पुन्हा जागेवर, साळसूद. अडथळा जास्तीत जास्त ३ मिलिमीटरचा. पण २५ मिलिमीटरच्या वाटेत ३ म्हणजे दारात आडवी खुर्ची, आणि १० किलोहर्ट्झची लाट स्वतःच साडेतीन सेंटिमीटरची.

रबर खरवडून काढलं, पातळ कागदी गॅस्केट २८ मिलिमीटर भोकाची कापली, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले. अर्ध्या तासाचं काम. दाते गेले. आईला पुन्हा बसवलं. तिने थोडा वेळ ऐकलं आणि "आता दोन्हीकडून हेच. एकदाच पुरे होते," म्हणून उठली.

बाकीचं पटकन सांगतो. ते १५ डेसिबल कमी करायला ड्रायव्हरच्या अलीकडे एल-पॅड, म्हणजे दोन रेझिस्टरांची जोडी, घातला, ६.६ ओम मालिकेत आणि १.७ ओम समांतर. त्याने अॅम्प्लिफायरची सुंssss ही गेली, जी आधी शांत खोलीत तीन मीटरवरूनही ऐकू यायची. ड्रायव्हर वूफरच्या मागे २५ सेंटिमीटर पडतो म्हणून वूफरला ०.७३ मिलिसेकंदांचा उशीर दिला. बरोबर जमलं की नाही ते पाहायला एकाच्या तारा उलट्या जोडायच्या. ज्या स्वरांशी वूफर आणि ड्रायव्हर एकमेकांना काम सोपवतात तिथे आलेखात खोल विहीर पडली पाहिजे. माझी विहीर अजून उथळ आहे, २० डेसिबलवर अडलीय.

आता बेसलाही कर्णा हवा असं मनात आलंय. ४० हर्ट्झचं गोल तोंड २.७३ मीटर व्यासाचं होतं, ते दारातूनही येणार नाही. पॉल क्लिप्श या स्पीकर बनवणाऱ्या अभियंत्याने यावर खोलीचा कोपराच कामाला लावला होता, दोन भिंती आणि जमीन हेच कर्ण्याचं पुढचं तोंड. काल टेप घेऊन आमचा कोपरा मोजत होतो. तिथे आईचं कपाट आहे. ती दारात येऊन उभी राहिली, टेपकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "नाही."