तीनदा निवडलेला तांदूळ

पेसाखचा आठवडा आला की किचनच्या किल्ल्या माझ्याकडे राहत नाहीत, मशगियाखच्या कमरेला जातात. मशगियाख म्हणजे स्वयंपाक कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या, नियमांनी होतोय की नाही हे बघणारा माणूस. आमचे मशगियाख ब्रुकलिनचे, साठीचे, मोजकं बोलणारे. मी न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात मेसचा मॅनेजर आहे (इथे डायनिंग हॉल म्हणतात, माझ्या तोंडातून अजून मेसच निघतं). पण त्या आठवड्यात गॅस पेटवायचा तरी मला त्यांना हाक मारावी लागते. आग ज्यू माणसाच्या हातानेच लागली पाहिजे.

मराठी बायबलात वल्हांडण म्हणतात तोच हा पेसाख, इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण. निघायची इतकी घाई झाली की कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं फुगलेलं काही आठ दिवस चालत नाही. चालते ती मात्झा, पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून निघालेली. युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंनी पुढे या यादीत तांदूळ, मका, डाळीही टाकल्या. भेसळीची भीती, एखादा गव्हाचा दाणा त्यात आला तर? कोकसुद्धा त्या दिवसांत पिवळ्या झाकणाचा येतो, कारण त्यात मक्याचं सिरप नसतं, साखर असते.

पहिल्या वर्षी मला यातलं फारसं कळत नव्हतं. शुद्ध करून फॉइल लावलेल्या ओट्यावर मी माझा पोळीभाजीचा डबा उघडला होता. मशगियाख काही बोलले नाहीत. सगळ्या ओट्याचं फॉइल सोललं, पुसलं, नवीन लावलं. मी बघत उभा. तेव्हापासून पेसाखला माझा डबा गाडीत असतो.

२०२२ साली कोविडनंतर पहिल्यांदाच सगळे एकत्र बसणार होते. पहिली रात्र १५ एप्रिलची, शुक्रवारची. पेसाख पौर्णिमेला येतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आमची हनुमान जयंती. त्याच शुक्रवारी गुड फ्रायडे, आणि भांडी घासणारा आमचा पोऱ्या रोज्याचा. १४० पानांचा सेदेर, म्हणजे त्या रात्रीचं विधीपूर्वक जेवण. शुक्रवार असल्यामुळे सूर्य मावळला की शब्बाथही, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवसही, लागणार, मग शिजवणं बंद. साडेसातच्या आत सगळं गरम पेट्यांत जायला हवं.

गुरुवारी दुपारी यादीवर टिका मारत होतो आणि एका आडनावावर पेन अडकलं. पेणकर. मी मूळचा पेणचा.

ती मुलगी संध्याकाळी स्वतःच आली. दुसऱ्या वर्षाची, इंग्रजी अमेरिकन, मराठी तुटकं. "अंकल, आमच्याकडे पेसाखला भात चालतो. इथे का नाही?"

बेने इस्रायली! आमच्या रायगडातले मराठी ज्यू, शनवार तेली. घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून ते नाव पडलं. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणायची. ही मुलगी तिथे कधी गेलेली नाही. तिची आजी लहान असतानाच इस्रायलला गेली, अश्दोदला.

मी मशगियाखना विचारलं. वाटलं होतं साफ नाही म्हणतील. २०१५ च्या शेवटी ज्यूंच्या कॉन्झर्वेटिव्ह (नावाप्रमाणे कडक नव्हे, मधल्या वाटेच्या) पंथाच्या समितीने अश्केनाझींनाही डाळ-तांदळाची मुभा दिली होती, पण आमचे मशगियाख ऑर्थोडॉक्स, त्याहून कडक. त्यांनी दाढी खाजवली. "तिच्या घरचा रिवाज असेल तर तिने भात खायलाच हवा. माझ्या पातेल्यात नाही." मग अटी आल्या. मागची कोठीची खोली, वेगळी शेगडी, टाकून द्यायचं भांडं, कागदी ताटल्या, वेगळं टेबल. तांदूळ सीलबंद, आणि वरून जीवनसत्त्वं न चोळलेला. इथल्या दुकानातल्या तांदळाला तसं चोळलेलं असतं. आणि शिजवण्याआधी तीनदा निवडायचा. यादी फिरवली तर सीरिया, इराण, येमेनकडच्या घरांतली आणखी दहा मुलं निघाली. रात्री एडिसनला ओक ट्री रोडवर जाऊन साधा तांदूळ आणला.

शुक्रवारी सकाळी नऊला मुलीने आजीला फोन लावला. तिकडे चार वाजले होते, सण लागायला तीन तास. मुलीने फोन माझ्या हातात दिला.

"कोण? पेणचा? पेणात कुठं रे?"

"कासार आळी."

तिकडे जरा वेळ काहीच नाही. मग एकदम कामाचं बोलायला लागली. "हां. तर ऐक. पांढऱ्या कपड्यावर घे. तीनदा. एका बैठकीत नको, डोळे थकतात. आमचा हा अनाशी ढाकाचा सण, आंबट कालवणाचं मडकंसुद्धा झाकून ठेवायचो आम्ही. एक दाणा गव्हाचा निघाला की गेलं सगळं." मागे कुकरची शिट्टी झाली आणि तिने फोन ठेवला.

बाहेरच्या किचनमध्ये युद्ध चाललं होतं. अंडी एकेक करून काचेच्या पेल्यात फोडून रक्ताचा ठिपका बघायचा, लेट्यूसचं पान न् पान दिव्यापुढे धरून किडे शोधायचे. आणि मॅनेजर कोठीत खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसलेला! मुलगी समोर, मशगियाख बाजूला उभे. दोन किलो तांदूळ. घरी आई सुपात निवडायची तेव्हा आम्ही नुसते तिच्या बाजूला लोळायचो. आता बोटांना आपोआप ती लय आली: चार दाणे पुढे, नजर, सरकव. मुलीला जमेना. ती एकेक दाणा उचलून बघत होती. पंधरा मिनिटांनी तीही सरकवायला लागली.

पहिल्या फेरीत दोन खडे, दुसरीत काही नाही. तिसरी निम्म्यावर आली असताना मुलीचं बोट थांबलं. टरफलाचा, पिवळसर, दोन्हीकडे निमुळता दाणा. मशगियाख वाकले. "बार्ली," ते म्हणाले आणि सरळ उभे राहिले. मुलीचं तोंड पडलं. दुपारचे दोन वाजले होते. दुसरा तांदूळ आणून पुन्हा तीन फेऱ्या करायला वेळ नव्हता.

मी दाणा हातात घेतला. आमच्या घरी भाताची शेती. झोडणी झाली की अंगभर हीच कुसं टोचायची. "ही बार्ली नव्हे. हे भात आहे. तांदूळच, सालासकट." मशगियाखनी आयुष्यात साळ पाहिली नव्हती, ब्रुकलिनला कुठून बघणार! मी नखाने टरफल फोडलं. आतून तांबूस तांदूळ निघाला. तो कपड्यावरच्या तांदळाशेजारी ठेवला. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, लेट्यूससाठी ठेवतात ते. बराच वेळ बघितलं. मग टरफल उचलून उलटसुलट करून पाहिलं आणि आपल्या पाकिटात ठेवलं. का ते विचारलं नाही.

"फेरी पुरी करा," ते म्हणाले. शेगडी त्यांनीच पेटवली.

सेदेर झाला. एकवीसच्या खालची मुलं असल्यामुळे विधीतले चार पेले वाइनऐवजी द्राक्षांच्या रसाचे. सर्वांत लहान मुलाने चार प्रश्न गायले, मिठाच्या पाण्यात बुडवून अजमोदाची पानं खाल्ली, एलियाहू संदेष्ट्यासाठी दार उघडलं तेव्हा पार्किंगमधली गार हवा आत आली. मी बहुतेक वेळ कोठीच्या दारात होतो. त्या अकरा मुलांच्या टेबलाभोवती निदान तीस जण घुटमळत होते, भात नुसता बघायला. मुलीने भातावर घरून आणलेला खजुराचा पाक घातला.

अकरा वाजता गाडीत बसून डबा उघडला. पोळ्या वातड झाल्या होत्या. वर चंद्र पूर्ण.

सोमवारी मुलगी फोन धरूनच आली. आजी.

"निघाला का रे दाणा?"

"निघाला. पण भाताचा."

"गहू नाही ना?"

"नाही, आजी. सोलून बघितला."

"मग ठीक," ती म्हणाली. "कासार आळीत कोणाचा म्हणालास तू?"