सव्वीस जेवणं

२०२२-२३च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात मी इंदूरला कंत्राटी अन्वेषक होते. ‘म्हणजे गरीब मोजता का?’ असं लोक विचारतात. छे. आम्ही तूरडाळ मोजतो. भाजी-फळं गेल्या ७ दिवसांतली, गहू-डाळ ३० दिवसांतली, पंखा-पलंग वर्षातला. गरीब कोण, ते दिल्लीत ठरतं.

शहरात मोटारवाली घरं आणि बाकीची घरं वेगळी काढून दोन्हींतून नमुना घेतात. रामबागेजवळच्या आमच्या ब्लॉकात नेमकं एक मोटारवालं घर, वहिनींचं, लागलं आणि त्याच घरी पोळ्या करणाऱ्या मावशींचंही.

मावशींच्या खोलीत दोन किलो डाळ, अर्धा किलो तेल, रेशनचा फुकट गहू. एवढ्यात माय-लेक महिना कसा काढतात? मग जेवणांचा रकाना आला. ‘दुपारी मी तिकडेच जेवते, ताई. रविवार सोडून रोज.’ मी २६ लिहिलं.

इथे नियम असा की शिजलेलं अन्न ज्या चुलीवर शिजलं त्या घराच्या खर्चात धरायचं. मावशींच्या नावावर फक्त जेवणांची संख्या राहते, रुपये वहिनींच्या खात्यात जातात. दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून हे ठीकच, पण पोट एकीचं भरतं आणि कागदावर खाती-पिती होते दुसरीच.

वहिनींकडे तोच प्रश्न उलटा: बाहेरच्यांना किती जेवणं दिली? ‘बाईंना ना? अहो, घरच्यासारख्याच आहेत. देतो कधीतरी. चार-पाच धरा.’

मी ५ लिहिलं. एका घरचं दुसऱ्या घरी बोलायचं नसतं. टॅबलेटने दोन्ही आकडे मुकाट घेतले, सुपरवायझरनेही. त्यांना फॉर्म वेळेत गेल्याशी मतलब.

तिकडे टीव्हीवर गरिबीचे २०११-१२चे २१.९ टक्के आणि आताचा आकडा शेजारी ठेवून वाद रंगतात. मधलं २०१७-१८चं सर्वेक्षण जाहीरच झालं नाही. पूर्वी सगळं एका बैठकीत विचारायचे, आता तीन महिन्यांत तीन फेऱ्या. गजच बदलला, तरी कापड वाढलं म्हणून टाळ्या!

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा प्रश्नावली साबण, वीज, रिचार्जची होती. जेवणाचं विचारायची सोय नव्हती. निघताना मावशी दारापर्यंत आल्या, आवाज खाली करून म्हणाल्या, ‘ताई, ते सव्वीस लिहिलंत ना, ते वहिनींना दिसणार नाही ना?’