रुळांलगतच्या पडक्या खोलीचा अभ्यास

बंद पडलेल्या रेल्वेमार्गांविषयी लिहिताना बहुतेकांचे लक्ष पूल, बोगदे आणि स्थानकांकडे जाते. मला मात्र त्याच मार्गांच्या कडेला झुडपांत दडलेल्या, छप्पर नाहीसे झालेल्या लहान बांधकामांविषयी अधिक आस्था वाटते. स्थानकांचे नकाशे आणि छायाचित्रे दप्तरांत सापडतात. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनच्या खोलीविषयी मात्र जे कळायचे ते बहुधा जागेवर उरलेल्या दगड-विटांवरूनच कळते.

अशा अवशेषाचा अभ्यास भिंतींपासून सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे. रूळ उचलून नेले तरी भराव, डोंगर कापून केलेली वाट, खडीचा थर आणि कडेची गटारे राहतात. इमारत या रेषेपासून किती अंतरावर आहे, तिचे दार कोणीकडे उघडत होते आणि जवळपास दुसरा रूळ फुटत होता का, हे आधी पाहिले, तरच तिचा उपयोग ठरवता येतो.

सिग्नल केबिन, म्हणजे जिथून सिग्नल चालवले जात ती खोली, ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण जोत्यापाशी सापडते. वरच्या मजल्यावरील लीव्हर ओढले की खालून निघणाऱ्या लोखंडी सळया आणि तारा यांच्याद्वारे दूरचे पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारे सांधे) व सिग्नल हलत. त्यामुळे वरचा लाकडी, काचांचा मजला पूर्ण नाहीसा झाला तरी रुळांकडील भिंतीच्या पायथ्याशी या सळयांसाठी ठेवलेली रुंद फट बहुधा दिसते. पॉइंट आणि सिग्नल यांची हालचाल एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या रचनेचे पेटंट इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये घेतले होते; परंतु प्रवासी मार्गांवर ती सक्तीची व्हायला १८८९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जून महिन्यात आयर्लंडमधील आर्मा येथे झालेल्या अपघातात सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ब्रिटिश संसदेने कायदा केला. एखाद्या आडबाजूच्या मार्गावरील केबिनचे वय अजमावताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते.

गँगमनची खोली याहून साधी. अनेकदा ती जुन्या स्लीपरांनीच, म्हणजे रुळांखाली आडव्या टाकलेल्या लाकडांनीच, उभारलेली असे आणि विटांची चूल व धुराडे एवढेच पक्के बांधकाम असे. म्हणूनच काही ठिकाणी आज फक्त धुराडे उभे दिसते. लाकडाला डांबरी क्रिओसोट तेल दाबाने पाजण्याची पद्धत जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये पेटंट केली, आणि त्या तेलामुळेच भिंतीत वापरलेले स्लीपर कित्येक दशके टिकतात. त्यांवर रूळ पक्के करणाऱ्या खिळ्यांची किंवा स्क्रूंची भोके दिसतात. येथे सावधपणा हवा: स्लीपर रुळांखालून निवृत्त झाल्यावर भिंतीत आला असल्याने त्याचे वय खोलीच्या वयापेक्षा जास्त असणार. दाराच्या माथ्यावर तुळईसारखा टाकलेला जुना रूळ किंवा कंपनीची अक्षरे व साल ओतलेली, स्लीपरवर रूळ धरून ठेवणारी लोखंडी बैठक सापडली, तरी तेवढ्यावरून इमारतीचे साल सांगता येत नाही. बांधकाम त्या सालाच्या आधीचे नाही, एवढेच म्हणता येते, आणि तेही ती वस्तू बांधकामात मूळचीच बसवलेली असेल तर.

जमिनीवरचा थर मला सर्वांत मोलाचा वाटतो. चुलीतील राख, दिव्याच्या काचा, मोडक्या अवजारांचे दांडे, बाटल्या यांतून तिथे काम करणाऱ्यांचा दिवस कळतो. कुठल्याही कंपनीच्या अहवालात तो इतक्या जवळून दिसत नाही. दुर्दैवाने स्मृतिचिन्ह म्हणून नेमक्या याच वस्तू उचलल्या जातात आणि कोणती वस्तू कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या थरात होती हे कायमचे हरवते. म्हणून जागामालकाची परवानगी घेऊन आधी छायाचित्रे आणि मोजमापे घ्यावीत. खणू नये आणि काही हलवू नये. भिंतीत रुजलेली झाडेही उपटू नयेत, कारण चुना झिजलेल्या सांध्यांना पुष्कळदा त्या मुळांचाच आधार उरलेला असतो. फांद्या छाटून भिंत मोजण्यापुरती मोकळी करावी आणि बाकीचे काम जाणकारांवर सोपवावे.