गाडीचा टेप घरात बसवला, माझा अनुभव (१२ व्होल्ट सप्लायसकट)

मामेभावानं गाडीला अँड्रॉइड स्क्रीन बसवली आणि जुना टेप, मागचे सहा बाय नऊचे दोन ओव्हल स्पीकर सगळं मला देऊन टाकलं. टेप एकदम चांगला, ब्लूटूथ, यूएसबी, एफएम सगळं चालू, आणि गाडीत तो कसा वाजतो हे मी पन्हाळ्याला जाता येता भरपूर ऐकलेलं, त्यामुळं हे भंगारात जाऊ द्यायचं नाही, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात माडीवर बसवायचं हे तिथंच ठरलं. स्पीकर, वायर हे सगळं सोपं असतंय, खरा प्रश्न सप्लायचा. गाडीत बॅटरी आणि अल्टरनेटर असतो, इंजिन चालू असताना टेपला १३.८ ते १४.४ व्होल्ट डीसी मिळतात, घरात भिंतीत २३० व्होल्ट एसी. मधलं काम कशानं करायचं?

सेट जिवंत आहे का एवढंच बघायला आधी राऊटरचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर लावला. पिवळी आणि लाल वायर एकत्र करून प्लसला, काळी मायनसला. (पिवळी म्हणजे कायमचा सप्लाय, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, दोन्हीला मिळाल्याशिवाय टेप चालू होत नाही.) डिस्प्ले लागला, फोन जोडला, हळू आवाजात गाणं पण लागलं, पण आवाज जरा वाढवला की बेस पडला रे पडला सेट बंद होऊन परत चालू. आमच्या तालमीच्या गणपतीला साउंडचं काम बघणारे एक दादा आहेत, त्यांना फोन केला तर म्हणाले, "मर्दा, व्होल्ट सगळेच बघतात, तू अँपिअर बघ."

आणि हीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा सविस्तर लिहितो. टेपवर ५० वॅट गुणिले ४ लिहिलेलं असतंय, म्हणजे २०० वॅट. पण मागं फ्यूज बघा, माझ्या सेटला १० अँपिअरचा आहे. १४.४ गुणिले १० म्हणजे १४४ वॅट, एवढंच आत जाऊ शकतंय, मग सलग २०० वॅट बाहेर येणार कुठनं? ५० हा क्षणभराचा आकडा, खरा सलग मिळणारा आकडा अशा सेटचा चॅनेलला साधारण २०-२२ वॅटच असतो. घरात नेहमीच्या आवाजाला दोन-तीन अँपिअर लागतात, पण ढोलाचा ठोका आला की तेवढ्या क्षणाला मागणी एकदम वर जाते आणि तिथं सप्लाय कमी पडला की व्होल्टेज खाली बसतं, सेट रीस्टार्ट होतो. म्हणून फ्यूजएवढे अँपिअर किमान धरायचे, वर थोडी जागा ठेवायची.

जुन्या पद्धतीचा एक सल्ला मिळाला, १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि मोठा कपॅसिटर. हे चालतं, पण १२ व्होल्ट एसी रेक्टिफाय केलं, म्हणजे त्याचं डीसी केलं, की लोड नसताना कपॅसिटरवर साडेपंधराच्या आसपास डीसी येतं, लाईनचं व्होल्टेज वाढलं तर अजून वर. माझ्या सेटवर कमाल १६ लिहिलंय, त्यामुळं मला ते नको वाटलं, शिवाय कपॅसिटर लहान पडला तर स्पीकरमधून सतत गुणगुण येते. दुसरा पर्याय कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस, म्हणजे त्याच्या आतला सप्लायचा डबा. हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो, पिवळ्या वायरला १२ व्होल्ट मिळतात, आणि घरात पडून असेल तर फुकटात काम होतं. फक्त स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते वाचा, एकूण वॅट बघून उपयोग नाही.

मी शेवटी जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस घेतला, एलईडी पट्ट्यांना आणि सीसीटीव्हीला लावतात तो, १२ व्होल्ट २० अँपिअर. शाहूपुरीत सहज मिळाला. त्याला व्होल्टेज ॲडजस्टचा बारका स्क्रू असतो, मीटर लावून, गाणं चालू ठेवून १३.२ ला सेट केला. आवाज वाढवल्यावर पण मीटर जागचा हलला नाही, तेव्हा लई बरं वाटलं.

आता सुरक्षेचं, कारण हे खरंच गंभीर आहे. या सप्लायला एका बाजूला २३० व्होल्टचे स्क्रू उघडेच असतात आणि आमच्या घरात लहान पोरं आहेत. उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनवाल्याकडनं भोकांचा पत्र्याचा डबा करून घेतला, तीन पिनची वायर वापरली, अर्थिंग सप्लायच्या अर्थ टर्मिनलला आणि डब्याला दोन्हीकडं जोडलं. टेपच्या पिवळ्या वायरवर वेगळा १० अँपिअरचा फ्यूज टाकला. डबा कपाटात कोंबायचा नाही, हवा लागतेच.

लाल वायरला मी वेगळा स्विच दिला आणि पिवळी थेट ठेवली, कारण पिवळीचा सप्लाय गेला की माझ्या सेटमधली स्टेशनं आणि इक्वलायझर पुसलं जातं. स्विचनं टेप बंद, मेमरी शाबूत. लाईट गेली तर मात्र जातंच.

स्पीकर जोडताना एक पक्कं लक्षात ठेवा, चारही चॅनेलच्या मायनस वायरी वेगवेगळ्या ठेवायच्या, एकमेकांना किंवा काळ्या वायरीला जोडायच्या नाहीत. या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरीवर सिग्नल असतो, मायनस काही ग्राउंड नसतो, जोडलात तर आतली आवाजाची आयसी (चिप) जाऊ शकते.

स्पीकर नुसते टेबलावर ठेवले तर बेस येतच नाही, कोनच्या पुढची आणि मागची हवा एकमेकांना मारते. गाडीत मागचा ट्रे आणि डिकी ते काम करते. मंगळवार पेठेतल्या सुतारकाकांनी १८ एमएम प्लायचे दोन बंद बॉक्स करून दिले, सांधे फेविकॉलनं भरले, आत जुन्या उशीतलं फायबर घातलं. फरक ऐकून काका स्वतः थांबून राहिले, अजून एक लाव म्हणाले.

एफएमला ॲन्टेना नव्हता. तरंगलांबीचा पाव भाग धरला तर ९८ मेगाहर्ट्झच्या आसपास ७६ सेंटीमीटर येतं, तेवढी साधी वायर ॲन्टेनाच्या भोकातल्या मधल्या पिनला जोडून खिडकीपाशी उभी सोडली, एसएमपीएसपासून लांब, कारण जवळ असला की खरखर येते. टोमॅटो एफएम ९४.३ ला आता स्वच्छ लागतंय.

भावाकडं सबवूफरचा ॲम्प पण पडून आहे, पण तो या सप्लायवर लावणार नाही. ३०० वॅटचा क्लास डी ॲम्प (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) ८० टक्के कार्यक्षम धरला तरी ३७५ वॅट ओढणार, म्हणजे १३.२ व्होल्टला २८ अँपिअर. त्याला वेगळा ४० अँपिअरचा सप्लाय आणि जाड, आखूड वायर लागेल. कुणी घरात असा ॲम्प चालवत असाल तर कुठला सप्लाय घेतला आणि बेसच्या ठोक्याला तो ट्रिप होतो का एवढं नक्की सांगा.