काकूंच्या कुंड्या

आमच्या गच्चीवरच्या बागेच्या ग्रुपमधल्या काकूंना डेंग्यू झालाय, चार दिवस झाले अॅडमिट आहेत. कळल्यापासून ग्रुपवर पपईच्या पानांचा रस द्या, किवी द्या, प्लेटलेट किती आल्या, नुसता पाऊस! सगळे प्रेमापोटीच विचारतात, मान्य, पण त्यांची लेक एकटी धावपळ करतेय, तिने कुणाकुणाला आकडे सांगत बसायचं? शेवटी मी स्पष्ट लिहिलं, एकीनेच तिच्याशी बोला, बाकीच्यांनी फोन नको आणि रिपोर्ट ग्रुपवर टाकायचे नाहीत. दोघींना राग आला बहुतेक, येऊ दे.

आज किल्ली घेऊन झाडांना पाणी घालायला गेले तर कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचलेलं आणि त्यात बारीक अळ्या वळवळतायत. पोटात धस्स झालं. डेंग्यूचा डास बहुतेक असल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आपल्या सगळ्यांच्याच गच्चीत ह्या ताटल्या आहेत ना. सगळ्या ओतल्या, कडा ब्रशने खसाखसा घासल्या कारण अंडी तिथेच चिकटतात. काकूंना यातलं आत्ता काही सांगणार नाही, उगाच जिवाला लावून घेतील.

जास्वंदीला पहिलं फूल आलंय, त्याचा फोटो तेवढा लेकीला पाठवला, खाली लिहिलं, रिप्लाय नको देऊस गं, फक्त आईला दाखव.