काळी तीन एकदाची ताळ्यावर आली! (वेलॉसिटीचं प्रकरण, पुढे चालू)

मंडळी, झालं काम! मागच्या वेळी लिहिलं होतं ते आठवत असेल, माझ्या मिडी कीबोर्डच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी तीन, पांढरी चार आणि काळी तीन या लागून असलेल्या तीन पट्ट्या कितीही अलगद दाबा, त्यांची वेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली ते सांगणारा 1 ते 127 मधला आकडा, 110 च्या खाली उतरायला तयारच नव्हती. बाकीचा अख्खा कीबोर्ड शहाण्यासारखा वागतोय आणि यमन घेतला की नेमका ग आणि तीव्र म अंगावर येतोय. आता तिन्ही बाकीच्यांच्या रांगेत आल्यात, आणि त्यातली काळी तीन ज्या कारणाने आली ते कारण इतकं बारीक निघालं की ते सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आधी कर्व्हचं. बऱ्याच जणांनी सुचवलं होतं की हार्ड कर्व्ह (वेलॉसिटीचे आकडे खाली आणणारी कीबोर्डची सेटिंग) लाव, नाहीतर रीपरमधे (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) प्लगइन टाकून वरचा भाग दाब. दोन्ही केलं. हार्ड कर्व्हवर त्या तिघी 95 पर्यंत आल्या खऱ्या, पण उरलेल्या पट्ट्या इतक्या मंदावल्या की ऐकू येण्यासाठी ठोकाव्या लागत होत्या. कारण उघड आहे, कर्व्ह सगळ्या पट्ट्यांना एकच लागतो आणि तो लागतो मोजमाप झाल्यावर. मोजमापच चुकीचं येत असेल तर कर्व्ह काय करणार? तो फक्त आलेल्या आकड्याच्या जागी दुसरा आकडा ठेवतो.

म्हणून मी मोजमापाकडे वळले. आपण किती जोर लावला हे आपला कीबोर्ड मोजतच नाही, तो वेळ मोजतो. प्रत्येक पट्टीखाली रबराचा घुमट, त्यात कार्बनचे दोन ठिपके, एक किंचित आधी टेकतो, दुसरा नंतर. पहिला टेकला की घड्याळ सुरू, दुसरा टेकला की बंद, आणि मधला वेळ जितका कमी तितकी वेलॉसिटी जास्त. पहिल्या संपर्काच्या आधी बोट किती जोरात आलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की दोष कुठे आहे ते आकड्यावरूनच कळायला लागतं. समजा पहिला संपर्क मळलाय. तो उशिरा लागणार, म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होणार, पण दुसरा वेळेवर लागणार. मधला वेळ आक्रसतो आणि हळूच दाबलेली पट्टी 120 दाखवते. उलट दुसरा मळला असेल तर वेळ लांबतो, पट्टी मवाळ वाटते किंवा वाजतच नाही. म्हणजे किंचाळणारी पट्टी ही जास्त संवेदनशील झालेली नसते, तिचा पहिला संपर्क सुस्तावलेला असतो! ज्यांच्या पट्ट्या अधूनमधून मुक्या होतात त्यांनी दुसरा संपर्क बघा.

पण बोटाने दाबून तुलना करण्यात अर्थ नाही, बोट आकडा बघून आपोआप सांभाळून दाबतं. मग एक जुगाड केला तो तुम्हीही करा. वायरिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप असतो त्याचा वीतभर तुकडा कापला, पट्टीच्या पुढच्या टोकावर फोमचा छोटा चौकोन चिकटवला, पाइप त्यावर उभा किंचित वर धरायचा आणि वरून पेन्सिल सेल सोडायचा. समोर मिडी-ऑक्स (कीबोर्डकडून आलेले आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून आकडे वाचायचे. धडधाकट पांढऱ्या पट्ट्यांवर हा आकडा 68 ते 74 मधे येत राहिला, इतका सातत्याने की मलाच आनंद झाला. त्या तिघींवर 113, 121, 127. काळ्यांना या जुगाडात एकूणच कमी येतं कारण त्यांचं टोक बिजागरीच्या जवळ असतं आणि तेवढ्याच वजनाला तरफ कमी मिळते, तेव्हा काळीची तुलना काळीशीच करायची. तरी काळी तीनच सगळ्यात वर, 127 वर!

मग उघडला. तळाचे स्क्रू, मग पट्ट्यांची फ्रेम, मग सर्किट बोर्डावरची रबराची स्ट्रिप. साफसफाईला पुण्याच्या तपकीर गल्लीतून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, 99 टक्क्यांचं. मेडिकलमधलं स्पिरिट वापरू नका, त्यात पाणी असतं आणि ते बोर्डावर रेंगाळतं. आणि कार्बनच्या ठिपक्यांवर पेन्सिलीचं शिसं घासायचा जो सल्ला सगळीकडे फिरतोय त्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, ती पूड सुटून शेजारच्या संपर्कात जाते आणि मग आधीचा दोष परवडला म्हणायची वेळ येते. चष्म्याचं कापड ओलं करून एकदाच हलकं पुसायचं, घासायचं नाही, बोट लावायचं नाही. स्ट्रिप परत बसवताना तिची प्रत्येक शेंडी भोकात पूर्ण गेली पाहिजे, बोथट टूथपिकने दाबायची, कारण स्ट्रिप जराशी फुगलेली राहिली तर आजूबाजूच्या चांगल्या पट्ट्यांचेही आकडे बिघडतात.

पुन्हा सेल सोडला. पांढरी तीन 71! पांढरी चार 73! आणि काळी तीन 127.

इथे मात्र डोकं फिरायची पाळी आली. परत उघडलं, परत पुसलं, 127. नवीन स्ट्रिप मागवायचा विचार केला, पण परदेशी सप्लायरकडे स्ट्रिपच्या किमतीपेक्षा कुरिअर जास्त, आणि इथले ऑनलाइन विक्रेते मॉडेल नंबर विचारला की फोटो बघून ठरवा म्हणतात. मग नाशिकच्या एका पेटीवाल्या मित्राने फार शहाणी गोष्ट सुचवली. म्हणाला, "अगं, मधल्या आणि वरच्या सप्तकाच्या स्ट्रिप सारख्याच असतील तर अदलाबदल कर ना! दोष सरकला तर रबर, नाही सरकला तर बोर्ड." केली अदलाबदल. वरच्या सप्तकातली काळी तीन व्यवस्थित, मधली तशीच 127. रबर निर्दोष!

मग बोर्डाकडे भिंग घेऊन बसले, टॉर्च आडवा धरून. पहिल्या संपर्काच्या कंगव्यासारख्या दोन काळ्या रेघांवर एक तांबडा धागा आडवा पडलेला. धागा म्हणजे अक्षरशः केसाहून बारीक, सरळ उजेडात दिसतच नव्हता, आडव्या उजेडात त्याची सावली दिसली. रंग बघताच ओळखला, कीबोर्डच्या मखमली गवसणीचा! घुमट दर वेळी दबताना खालची हवा बाहेर जाते आणि सुटताना आत येते, त्यासाठी स्ट्रिपला खालून बारीक चरे असतात. त्याच वाटेने हा आत ओढला गेला असणार आणि कापडाने पुसताना जागच्या जागी आडवा होत राहिला. चिमट्याने उचलला, पट्टी बसवली, सेल सोडला, 58. वरच्या सप्तकातली काळी तीन 59. त्या क्षणी मी घरात सगळ्यांना हाका मारून तो आकडा दाखवला!

मखमली गवसणी तेव्हाच बाद. साध्या सुती चादरीचं कव्हर शिवतेय.

आता पट्ट्या एका रांगेत आल्यावर दुसरी गोष्ट नजरेत भरली. जोरात वाजवलं की आकडे पायऱ्यापायऱ्यांनी येतात, मधले येतच नाहीत. यालाही कारण तेच घड्याळ. समजा 2 मिलिसेकंदाला 127 धरलं आणि स्कॅन (कीबोर्डने सगळे संपर्क तपासण्याची फेरी) दर मिलिसेकंदाला होतोय, तर पुढची पायरी 3 मिलिसेकंद, म्हणजे वेग एकदम दोन तृतीयांश, थेट 85. मधे काहीच नाही! हळू बाजूला मात्र 30 आणि 31 मिलिसेकंदात फरक पडत नाही. प्रत्यक्ष स्कॅन याहून वेगवान असतो, तरी आकड्यांची दाटी हळू बाजूलाच आणि विरळपणा जोराच्या बाजूला. म्हणून तर मी मूळ बोर्ड काढून टीन्सी (प्रोग्रॅम करता येणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) लावायची आणि स्वतः जलद स्कॅन करायचा बेत केला होता.

पण हे लिहितानाच जुन्या रेकॉर्डिंगच्या मिडी फाइल उघडून बघितल्या, तर माझं बहुतेक वाजवणं 40 ते 90 च्या आतलं. त्या टप्प्यात पायऱ्या पुरेशा दाट आहेत. मग वरच्या टोकासाठी एवढी सोल्डरिंग कशाला? टीन्सीचा बेत रद्द, ते पैसे एक्स्प्रेशन पेडलला (पायाने आवाज लहानमोठा करायचं पेडल). आणि पेडल का, तर माझा अर्धा वेळ पेटीच्या आवाजावर जातो आणि पेटीत पट्टी किती वेगाने दाबली याने आवाज लहानमोठा होत नाही, तो भात्यातून येतो. खटका, मुरकी घेताना बोट अर्ध्यावरून परत फिरतं, तिथे वेलॉसिटी लावली की प्रत्येक मुरकीत एखादा स्वर उगाच टोचतो. तेव्हा पेटीच्या एसएफझेड फाइलमधे (सॅम्पल कसे वाजवायचे ते लिहिलेली फाइल) अँप_वेलट्रॅक, म्हणजे वेलॉसिटीचा आवाजावरचा परिणाम, शून्य करून टाकलंय (मूळ 100 असतं), आणि भात्याचं काम सीसी 11 (मिडीतला एक्स्प्रेशनचा कंट्रोल) कडे, म्हणजे पेडलकडे. सध्या मॉड्युलेशन व्हीलवर करून बघितलं, दादऱ्याचा मुखडा पहिल्यांदा पेटीसारखा श्वास घेत वाजला. दोन संपर्कांच्या कीबोर्डवर पट्टी पुरेशी वर आल्याशिवाय तोच स्वर परत लागत नाही ही अडचण राहतेच, तीन सेन्सरवाले हॅमर ॲक्शन कीबोर्ड त्यासाठीच बरे.

पियानोसाठी वेलॉसिटी हवीच. सॅलमँडर हा सॅम्पल केलेला पियानो वापरतेय, यामाहा सी 5 चं सॅम्पलिंग, 16 वेलॉसिटी लेयर (वेगवेगळ्या जोराची वेगळी रेकॉर्डिंग), फुकट असून इतकं चांगलं दुसरं मला सापडलेलं नाही. त्यासाठी आता पट्टीनिहाय छोटी दुरुस्ती करणारी स्क्रिप्ट रीपरच्या जेएसएफएक्स या स्क्रिप्टच्या भाषेमधे लिहितेय. तुम्ही लिहिणार असाल तर एक सांभाळा, वेलॉसिटी 0 चा नोट-ऑन म्हणजे नोट-ऑफ असतो. त्यामुळे 0 आला तर त्याला हात न लावता तसाच पुढे सोडायचा, चुकून 1 केला तर स्वर लटकून राहतो. आणि 1 ते 127 मधलं काहीही उतरून 0 होऊ द्यायचं नाही, नाहीतर हळू स्वर गायब.

पुढचं काम, सेल दोन वेगळ्या उंचीवरून सोडून प्रत्येक पट्टीचे दोन आकडे घ्यायचे, म्हणजे स्क्रिप्टला नुसती बेरीज-वजाबाकी न देता उतारही देता येईल. सगळ्यात खालच्या सप्तकातली पांढरी सहा 64 च्या वर जात नाहीये, तिचा दुसरा संपर्क आधी बघते. कुणाकडे पेडलच्या पोलॅरिटीचा (प्लगमधल्या जोडणीच्या क्रमाचा) अनुभव असेल तर सांगा, प्लगच्या टिपवर पॉटचं (पेडलमधल्या फिरत्या रेझिस्टरचं) मधलं टोक की रिंगवर, हे विकत घेण्याआधी कळलं तर बरं.